बेल वाजली पाहिजे

गुरुवारी रात्री आमच्या इमारतीच्या जिन्याला
पिझ्झाचा वास येतो.
दुसऱ्यावर इजिप्शियन मास्तर, चौथ्यावर गोव्याचे डिकुन्हा,
आणि लिफ्टमध्ये चौकोनी खोकी धरलेला पोरगा,
घामानं निथळत मजले मोजणारा.
फहाहीलमध्ये आठवडा असा संपतो.

आमचा पगार दोन महिने
'इन्शाल्ला, रविवारी' आहे.
रविवार येतात. वेळेवर येतात,
त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

मोठा पिझ्झा पावणेचार दिनार.
मी जमियातून मैदा आणला, यीस्टची पुडी,
चीजचा सगळ्यात लहान डबा.
बाकीचं घरातच होतं, म्हणजे
अर्धी ढबू मिरची, एक कांदा,
डब्याच्या तळाशी उरलेली टोमॅटोची पेस्ट.
अल्फियानं पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला.
"अम्मी, नऊशे ऐंशी फिल्स. चौघांत."
बारा वर्षांची आहे.
हल्ली तिला सगळ्याच बेरजा येतात.

माझा हात तांदळाच्या भाकरीचा.
उकड ऐकते. मैदा ऐकत नाही,
बोटांना धरून हट्ट करतो.
परात ओल्या फडक्यानं झाकून गॅलरीत ठेवली,
संध्याकाळचे सहा, तरी चव्वेचाळीस अंश.
वीस मिनिटांत पीठ टम्म.
इथल्या उन्हाचं एवढं एकच देणं लागते मी.

ओव्हन नाही. जाड तवा, मंद आच,
वर बिर्याणीच्या टोपाचं झाकण.
माझ्या चतकोरावर मी सोडे पेरले,
दाभोळहून सासूबाईंनी धाडलेले.
"पिझ्झ्यावर सोडे!" अल्फियानं नाक धरलं.
धर बाई.

रय्यान मात्र सोफ्यावर ढिम्म.
वास घरभर, आणि हा पाय हलवत बसलेला.
"पिझ्झा असा स्वयंपाकघरातून येतो का?
बेल वाजली पाहिजे."

हे उठले.
मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर पिझ्झा घेतला,
साइटवरची टोपी डोक्यावर,
चपला घालून बाहेर.
दार लागलं.

बेल वाजेना.
रय्यान दाराला नाक लावून,
मुठीत शंभर फिल्सचं नाणं.
मी त्याच्या डोक्यावरून भिंगाला डोळा लावला.

भिंगात माणूस लहान होतो, वाकडा होतो,
बोगद्याच्या पार टोकाला उभा असल्यासारखा.
हे भिंतीला टेकले होते. डोळे मिटलेले.
पुठ्ठा मात्र दोन्ही हातांवर सरळ,
पाण्यानं भरलेलं ताट धरावं तसा.
लिफ्ट वर गेली, तोंडावरून उजेडाची पट्टी सरकली.
शर्टाचं टोक त्यांनी कोपरानंच आत ढकललं.
दोनदा हसून पाहिलं.
तिसऱ्यांदा जमलं
आणि बेल वाजली.

"पिझ्झा, सर!"
"उशीर झाला," रय्यान म्हणाला, थेट कफीलच्या आवाजात.
"माफ करा सर. ट्रॅफिक होतं."
"किती झाले?"
"तुम्ही द्याल ते, सर."
त्यानं नाणं ह्यांच्या खिशात टाकलं,
टाचा उंचावून,
आणि म्हणाला, "सुटे राहू दे."

एका बाजूनं करपला होता.
चीजच्या रिकाम्या बरण्यांतून सरबत प्यालो,
करपलेली बाजू कुणाची यावर भांडलो.
माझ्या चतकोरातला अर्धा
अल्फियानं कधी पळवला
कळलंच नाही.

शनिवारी मशीनमध्ये कपड्यांबरोबर
काहीतरी टणटण फिरत राहिलं.
खिशातलं नाणं. धुऊन लख्ख,
वरचं शिडाचं जहाज नुकतंच पाण्यातून काढल्यासारखं.
मी ते डब्यात टाकलं नाही.
शर्टाला इस्त्री केली
आणि त्याच खिशात परत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता.
हे तोच शर्ट घालून गेले.