ब बाजू

मानवतच्या जिनिंगात लिंबाजी वाव्हळे मापाडी होता.
काट्यावर आकडे ओरडता ओरडता त्याला चाल सापडायची,
मग तोलपट्टीच्या पाठीमागं शब्द.
एका आडत्यानं म्हणे पट्टी उलटून पाहिली
आणि कापूस विसरून कडवंच वाचत बसला.
असं लिंबाजीच सांगायचा.

मी त्याच्याकडं लागलो शहाऐंशीत,
परभणीला, बसस्टँडमागच्या गाळ्यात.
पूर्णामाय कॅसेट. पाटी पिवळी, अक्षरं निळी.
हैदराबादहून आणलेलं यंत्र एकीच्या तीन करायचं,
मी खळ लावून कागद चिटकवायचो,
संध्याकाळी बोटं भाकरीला चिकटायची.
गीतकार लिंबाजी. निर्माता लिंबाजी.
फोटोत लिंबाजी, कोट उसना.

गायची केवळाबाई.
तीही जिनिंगातलीच, सरकी झाडायची.
गळ्यात रुईची धूळ बसलेली,
त्या खरखरीनंच आवाज कानाला धरून राहायचा.
काचीगुडा पॅसेंजरनं रात्रभर जाऊन
एका दिवसात सात गाणी केली आम्ही.
भाड्याची वेळ संपायला सहा मिनिटं होती,
ढोलकीवाला बिडी ओढायला गेलेला,
तेव्हा ती म्हणाली,
"मह्या मायचं एक हाय. म्हणू का?"
मांडीवर थाप देत म्हटलं तिनं.

ते ब बाजूला, सगळ्यात शेवटी टाकलं.
कागदावर काय लिहू, मी विचारलं.
"पारंपरिक लिही," लिंबाजी म्हणाला,
"पारंपरिक पैसे मागायला येत नसतंय."

अ बाजू आता कुणाला आठवते?
टेम्पोत, लग्नाच्या मांडवात, मोंढ्यातल्या हॉटेलात
लोक कॅसेट उलटीच घालायचे.
टेप तिथंच झिजायची, तिथंच तुटायची,
पेन्सिलीनं गुंडाळून पुन्हा तिथंच.
चाळीस हजार गेल्या. मी चिटकवल्यात, मला माहीत.
केवळाबाईला दोनशे रुपये आणि लुगडं.

मग फिरती खुर्ची आली.
दारात पोरं वह्या घेऊन उभी राहायची,
हा एक कडवं ऐकून हात वर करायचा,
काटा थांबवावा तसा:
"हलकं हाय. पुन्हा भरून आण."
वाईट नव्हता माणूस. एखाद्याला बसभाडं द्यायचा.
पण खणातल्या तोलपट्ट्या कोऱ्याच राहिल्या.

पुढं समोरच्या टपरीत एक पोरगं बसलं.
'गाणे भरून मिळतील. वीस रुपये.'
लिंबाजीनं आपला मोबाईल दिला,
म्हणाला, जुनी लोकगीतं भर.
भरली त्यानं. यादीत चौथं
मापाड्याचं पहिलंवहिलं गाणं,
पुढं शब्द: पारंपरिक.
"आजीच्या काळातलं हाय काका," पोरगं म्हणालं, "लई चालतंय."
लिंबाजीनं वीस रुपये दिले. सुट्टे.
मला म्हणाला, चहा सांग.
चहा तसाच राहिला.

उरलेला माल सतरा पोती.
रानातले लोक घेऊन गेले;
टेप ओढून ज्वारीवर ताणली की पाखरं बसत नाहीत.

तो गेल्यावर खणात एक पाकीट निघालं,
वर केवळाबाईचं नाव.
मला वाटलं पैसे असतील.
आत त्या कॅसेटचा कागद,
'पारंपरिक' निळ्या शाईनं खोडलेलं
आणि पुढं काहीच नाही.
नाव विचारायचंच राहिलं होतं ना, आमच्यापैकी कुणी.

पौषात मी तिच्या गावाला गेलो.
बांधावर बसली होती, ऐकू कमी येतं आता.
"तुमच्या मायचं नाव काय?" दोनदा ओरडलो.
"चांगुणा," ती म्हणाली.
मी लिहून घेतलं.
मग बराच वेळानं, ज्वारीकडं बघत:
"पण तिनं बी कुणाचं तरी ऐकलंच आसंल की."

वारं सुटलं होतं.
कणसांवरची टेप घुमायली होती,
कोणती बाजू, ते कळत नव्हतं.