अडीचचं माप

माशेलच्या बाजारात माझं दुकान:
दोन काचेची कपाटं, एक पाट, साबणाची वाटी.
हात धरला की माप कळतं. दोन-चार. दोन-सहा.
दोन-आठ म्हणजे अडीच इंच, रुंद हाडाच्या बायांचं.

आता माझ्या रक्तालाही माप आहे.
अडीच ते साडेतीन.
महिन्यातून एकदा बांबोळीला
टोकन घेऊन बाकावर बसतो आम्ही,
एकमेकांना विचारतो, तुमचं किती आलं?
एक-आठ आलं तर ओरडा बसतो.
सहा आलं तर घरी सोडत नाहीत.

नऊ वर्षं झाली झडप बसवून.
वीज गेली, पंखा थांबला, की ऐकू येते,
टिक, टिक, बांगडीवर बांगडी यावी तशी.
रोहिदास म्हणतो, घड्याळ गिळलंस गे तू.

गोळी एवढीशी. रक्त पातळ ठेवते,
झडपेवर गाठ धरू देत नाही.
तांबडी भाजी खायची ती रोज तेवढीच.
एका श्रावणात तायकिळा पोटभर खाल्ला
तर आकडा धाडकन खाली.

हे सगळं सांगितलं होतं.
कातडीचं कुणी बोललं नव्हतं.
कपाटाचा कोपरा नुसता लागावा
आणि संध्याकाळी मांडीवर वांग्याची साल.
तीन-चार दिवसांनी हिरवी.
मग कडांनी पिवळी, ओल्या हळदीसारखी,
मग कळकट, मग नाहीच.
एवढे रंग माझ्या कपाटात नाहीत.
फणीत केस येतात मूठभर.
एकदा पायाची बोटं निळी पडली, मी तेल चोळत बसले;
डॉक्टरीणबाई म्हणाली, त्याच दिवशी यायचं होतं.

काच फुटून ओरखडा आला तर
मी फडकं दाबून बसते, अर्धा तास, पाऊण तास.
गिऱ्हाईक पैसे फळीवर ठेवून जातं.
मोजता येत नाहीत.

पूर्ण बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले शेवटी,
कारण लोक रोहिदासकडे बघायला लागले.
रोहिदासकडे!
माझ्या दंडावर डास बसला
तर तो मारत नाही, फुंकर घालतो.

मे महिन्यात खांडोळ्याला गेले, चुडा भरायला.
सुलक्षा नाव. दोन-चार. हात लोण्यासारखा,
साबणही नको होता.
माझी बाही सरकली तशी मोठ्यानं म्हणाली,
मावशे, तुका कोण मारता गे?
गोळी, म्हटलं.
बाया हसल्या.

मग तिची बाही वर केली मी, कोपरापर्यंत, भरायला.
चार डाग ओळीत.
पाचवा मागच्या बाजूला, जरा मोठा.
कडा पिवळ्या: सहा-सात दिवस झाले असणार.
माझे डाग वाटेल तिथे पडतात, सांडल्यासारखे.
त्यांना बोटं नसतात.

हात सोडला नाही मी.
हिरवी चढवली, मग पिवळी, मग पुन्हा हिरवी,
आणि खाली मान घालून विचारलं,
तुझंही गोळीचंच?
तिनं दाराकडे पाहिलं. दारात भाऊ होता,
त्याच्या पलीकडे मांडव, खुर्च्या, कोण कोण.
हय, म्हणाली.

नारळ घेतला, तांदूळ घेतले, पैसे घेतले.
बस येईपर्यंत उभी राहिले,
आणि घरी येऊन रोहिदासलाही सांगितलं नाही.

आज दोन-आठ आलं.
बरोबर आहे, नर्स म्हणाली, आहे तेच चालू ठेवा.
कोपराच्या आतल्या बाजूला कापूस दाबून बसले,
तरी उमटलंच, रुपयाएवढं.
बाही खाली ओढली नाही.
बसमध्ये एक बाई बघत राहिली, बघू दे,
विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सुलक्षा येणार होती, जादाची काकणं उतरवायला.
दीड महिना झाला.
काकणं चढवताना नाही लागला तरी
उतरवताना साबण लागतो.
वाटीत रोज नवं पाणी घालते.