दुसरं वळण

खोदायच्या आधी त्यांनी मोजलं.
तीन पायांवर पिवळं यंत्र, छत्रीखाली एक पोरगा,
नांदेडहून आलेला, कानात वायर.
चारशे सात, तो म्हणाला.
मी म्हटलं, पुन्हा मोज.
चारशे सातच, मॅडम. दुसरं वळण बाहेर गेलंय.

दुसरं वळण म्हणजे हापशाचं.
ट्रॅकच्या कडेला होता, दुष्काळी कामात पाडलेला.
शंभर दांडे मारले की एक कळशी द्यायचा,
तीही कुरकुरत.
बाया रांग लावायच्या थेट ट्रॅकवर,
आणि मकदूम मामू फक्कीचा डबा घेऊन
रांगेच्या बाहेरून रेघ ओढत न्यायचे.
"पानी को हटाऊं, के तुम को?"
आम्ही हटायचो.
पुढं पाऊस झाला, रांग गेली,
रेघ तिथंच राहिली. रेघेला कोण विचारतं.

पंधराशे म्हणजे पावणेचार फेऱ्या.
त्यात दुसरं वळण चार वेळा.
सात चोक अठ्ठावीस.
ही उजळणी मी गॅलरीच्या फुटक्या पायरीवर बसून केली,
वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बोटांवर.

त्या साली निवड वेळेवर होती.
ज्यानं त्यानं आपल्या तालुक्यात पळायचं,
कागद परभणीला पाठवायचा.
पाच मिनिटं सहा सेकंद पाहिजे होते.
डोईफोडे सरांच्या घड्याळात पाच नऊ.
सरांनी घड्याळ हलवलं, कानाला लावलं,
माझ्याकडं पाहिलं,
आणि होतं तेच लिहिलं.
फेब्रुवारी होता. सगळ्या वसमतला
शिजणाऱ्या हळदीचा वास होता,
मला अजून त्या वासानं दम लागतो.

मग खोदलं.
काळी माती फुगते, भेगाळते, तिच्यावर रबर धरत नाही,
म्हणून मीटरभर उपसून मुरूम भरायचा.
माती हळदवाल्यांनी ट्रॉल्या लावून नेली,
आमच्या पळापळीचं खत घालून पीक कसं येतं, पाहायचं.
खाली निघालं ते मी एका घमेल्यात ठेवलंय:
एक गोळा, भाकरीसारखे पापुद्रे सुटलेला,
स्पाइक्सचे तीन खिळे,
पितळी शिट्टी, आतला वाटाणा गेलेली.
हापशाचे पाइप क्रेननं ओढले. अठरा भरले.
कोरडा म्हणून कागदावर पंधरा वर्षं बाद होता,
शेवटचे दोन पाइप
आतून ओले होते.

आता ट्रॅक तांबडा आहे, पायाखाली ब्रेडसारखा दबतो.
फाटकावर पाटी:
चप्पल घालून येऊ नये. थुंकू नये. जनावरे बांधू नयेत.
सकाळच्या बाया साडीवर बूट घालून चालतात,
आठव्या लेनमध्ये, कडेकडेनं,
कुणाच्या तरी ओसरीवर आल्यासारख्या.
पोरं मात्र आली तशी सुटली.
माझी नववीतली भाग्यरेखा आठशेला
चार सेकंद कमी झाली एका आठवड्यात,
आणि मलाच विचारते, मॅडम, मी सुधारले की मैदान?
मला उत्तर आलं नाही. मी म्हटलं, अजून एक मार.

मकदूम मामू उद्घाटनानंतर आले, मांडव सुटल्यावर.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हिरवा चष्मा.
खाली बसले, पांढऱ्या पट्ट्यावर तळहात फिरवला,
बोटांना काही लागलं नाही, तरी
सवयीनं पायजम्याला पुसला.
"कौन मारा लाइन?"
मशीननं, मामू.
"सीधी है."
मग थोड्या वेळानं, तिकडंच बघत,
"सुना, मेरी लकीर लंबी थी."
सात मीटर.
"नुकसान हुआ किसी का?"

नाही म्हणायचं ठरवून आले होते.
झालं, म्हटलं. माझं. तीन सेकंदांनी राहिले.

मामू हिशेब करत होते की आठवत होते, कळलं नाही.
"उस दिन," ते म्हणाले,
"तेरी माँ भी थी ना, लाइन में?"

होती.
तिसऱ्या फेरीला मी तिच्या बाहेरून गेले, हाताच्या अंतरावरून.
तिनं मान वर केली नाही.
तिचा नंबर आला होता.