आधीची पाळी

रात्रीचे दोन. साखर पेठ.
लिनक्समध्ये वायफायचं चिन्हच नाही,
विंडोजमध्ये मात्र झकास.
राउटर उठवला-बसवला,
ड्रायव्हर काढून पुन्हा घातला.
'डिव्हाइस सापडत नाही.'
जसं काही मीच कुठंतरी ठेवून विसरलेय.

खालचे माग सोडून नरसय्यामामा वर आले,
बनियनवर टॉवेलचा भुगा.
"आधीच्या पाळीवाल्यानं
माग नीट बंद केलेला का, ते बघ की."

नव्हताच केला.
विंडोज बंद म्हणायचं
आणि झोपेचं सोंग घेऊन पडायचं,
कार्ड मुठीत.

फास्ट स्टार्टअपची खूण काढली.
पूर्ण बंद. पंखासुद्धा थांबू दिला.
मग लिनक्स.
पिंग गेलं
आणि परत आलं, चौसष्ट बाइट.

"वच्चिंदा?" मामा जिन्यातून.
"आलं," मी म्हणाले.