चोथ्याची बादली

सहाला यंत्र तापतं, आणि मग दिवसभर
माझ्या हातात एकच आवाज: ठक.
मूठ पालथी घालून आपटायची,
की चोथा सुटून पडतो
चपट्या पेढ्यासारखा, गरम, अख्खा.
पिणारा तोवर निघून गेलेला असतो.
त्रिएस्तेत कॉफी उभ्यानेच पितात,
दोन घोटांत,
बोरा वारा बाहेर दार हिसकत असतो तेवढ्यात.

सिल्वानो मात्र पीत नसे.
डॉक्टरांनी बंद केली होती.
यायचा दुपारी, गर्दी ओसरल्यावर,
रंगाची जुनी बादली घेऊन, कडीला चिंधी गुंडाळलेली,
आणि उधारी मागावी तसं विचारायचा,
"आज किती साठलं?"

उत्तराची वाट बघायचा नाही.
बादली उचलून स्वतःच सांगायचा:
"सहा किलो. सहाला थोडं कमी."
चाळीस वर्षं बंदरातल्या गोदामात
पोती तोलली होती त्याने.
काटा खोटं बोलेल, खांदा नाही.

मग ओपिचीनाची बस.
वर पठारावर त्याची बाग. बाग कसली,
दोन दगडी बांधांमध्ये अडकलेली
लाल मातीची चिंचोळी पट्टी,
टोमॅटोचे चार वेल, थोडी कडू भाजी
आणि एक हायड्रेंजिया.
ती त्याला निळी हवी होती,
शेजारच्या ब्रुनेत्ताची आहे तशी.
कुणीतरी सांगितलं होतं,
चोथा आंबट असतो, आंबट मातीत फूल निळं होतं.

नऊ उन्हाळे.
नऊही गुलाबी.

मार्चमध्ये तो आला नाही.
बादली भरली, दुसरी भरली,
चौथ्या दिवशी चोथ्यावर पांढरी बुरशी धरली,
तान्ह्या बाळाच्या डोक्यावरच्या लवेसारखी.
मालक म्हणाला, फेक.
मी बस पकडली.

दार झोर्काने उघडलं.
"गुडघा कापलाय," ती म्हणाली, "जीभ शाबूत आहे."
आणि मला थेट मागे घेऊन गेली.
"पहिल्याच वर्षी सांगितलं होतं मी याला.
खाली सगळा चुना. इथे कसलं निळं?
आणि चोथ्यात आंबटपणा उरतो कुठे?
तो तर तुमची गिऱ्हाइकं पिऊन जातात.
ब्रुनेत्ता दुकानातून पूड आणते.
यालाही माहीत आहे."

मग?

ती खुरपं घेऊन वाकली.
उघड्या काड्यांच्या बुडाशी
वरची वीतभर माती काळी झाली होती,
मुठीत दाबली तरी मोकळी होणारी.
तिच्याखाली लाल.
लालच्या खाली दगड.
एक गांडूळ उजेडावर वैतागून आत वळलं.

"पोती यायची, पोती जायची, म्हणतो.
कुणी पिकवली, कोण पिणार, पत्ता नाही.
आकडा लिहायचा, पुढचं पोतं.
म्हणतो, एकदा तरी
शेवटपर्यंत सोबत जाऊन बघू दे."
तिने खुरपं पदराला नव्हे, सरळ पँटीला पुसलं.
"जा म्हटलं. निदान घरात तरी नसतोस."

वरून खिडकी उघडली.
"थर देऊ नकोस! थर वाळला की पापुद्रा धरतो,
पाणी आत जात नाही!
वाळली पानं मिसळ! पातळ!
मीठ भुरभुरतात तसं!"

मी भुरभुरलं.
पापुद्र्याशिवाय, पातळ, मिठासारखं,
तो वरून प्रत्येक मूठ मोजत असताना.
नखं काळी झाली.
परतीच्या बसमध्ये एक शाळकरी मुलगा
माझ्या रिकाम्या बादलीकडे सरकला,
हुंगलं, आणि काही न बोलता तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सहाला यंत्र तापलं.
ठक.
ठक.
दुपारी गर्दी ओसरल्यावर
मी बादली उचलून धरली, डोळे मिटून.
सात असेल.
साडेसहा.
खांद्याला अजून कळत नाही.