कुणाला कळलं असतं

तिकीट एर्मेलिंदबाईंनी दिलं.
सांतिनेजला पियानो शिकवतात त्या.
गेल्या आषाढात त्यांच्या पियानोच्या पाठीतली वाळवी मी काढली,
शिवणाची नवी फळी बसवली,
आणि पैसे नकोत म्हणालो, का ते आठवत नाही.

"दीडशे वर्षांत दोनदा उभा राहिलाय हा ऑपेरा," त्या म्हणाल्या,
"इटलीतही कुणाला ठाऊक नाही.
या. तुम्ही नाटकातले."

नाटकातला म्हणजे किती?
सावईवेऱ्याच्या जत्रेत वर्षाला दोन रात्री
विंगेत स्टुलावर बसतो, मांडीवर वही, वहीवर बॅटरी,
आणि राजाला त्याचं पुढचं वाक्य पुरवतो.
राजा म्हणजे शाबा केरकर, दिवसा पोस्टात.

पणजीच्या त्या हॉलात पंखे बंद केलेले,
गाण्यात घरघर नको म्हणून.
कोट घातलेली माणसं कार्यक्रमाच्या कागदानं वारा घेत होती.
भिंतीवर इंग्रजी अक्षरं उमटत होती, राणी काय म्हणते ते,
दुसऱ्या अंकात तीही विझली.
मग उरली फक्त ती,
लोटलीची पोरगी, व्हिव्हियाना सिकेरा,
केस मोकळे, राणी वेडी झालेली,
माईक नाही, काही नाही.

रंधा नीट लागला, फळी मनासारखी असली
की साल सुटते ना, एकच एक,
वळत, पातळ होत, उजेड आरपार दिसेल इतकी,
आणि हात श्वास धरून राहतो,
तुटू नये, आता तुटू नये.
तसा तो आवाज.
जोर कुठेच नव्हता.

आणि तुटला.

डोळा लवेल एवढाच वेळ.
व्हायोलिनं चालूच, शेजारचा माणूस घाम पुसतोय,
आणि मला दुसऱ्या रांगेत ऐकू आलं,
रंगमंचाच्या कडेला जो लहान खोका होता, त्यातून:
"को..."

पूर्ण शब्द नाही. पूर्ण शब्द कच्चे लोक देतात.

पोरगी नुसतं आकारात पुढं गेली असती,
हव्या त्या ताना घेतल्या असत्या,
दीडशे वर्षं कुणी न ऐकलेलं गाणं ते,
कुणाला कळलं असतं?
पण ती मागं आली.
गळलेल्या जागेवर परत पाय ठेवून
तिथून चढली, वरपर्यंत,
आणि तो शेवटचा स्वर तिनं हळूच खाली ठेवला,
निजलेलं मूल ठेवावं तसा.

नंतर पोरीभोवती फुलं, फोटो, मंत्र्याची बायको.
एर्मेलिंदबाई मागच्या दारानं आल्या,
गुडघ्यांना धूळ, पाठ धरलेली.
म्हटलं, "को दिलात."
त्या दचकल्या. मग हसल्या, चोरी पकडली गेल्यासारख्या,
"बाहेर आलं ऐकू?"
"नाही," मी म्हणालो, "फक्त मला."

शेवटची बस. बाणस्तारीच्या पुलाखाली काळं पाणी.
गेल्या जत्रेतले पहाटेचे साडेतीन आठवले,
चादरी ओढून अर्धा गाव निजलेला,
शाबानं चौथ्या प्रवेशात आठ ओळी गिळल्या,
आणि मी मुकाट पान उलटलं.

वही घरी आहे, हत्यारांच्या फळीवर.
शाईतल्या त्या आठ ओळी अजून तिथंच,
पहिल्या अक्षराची वाट बघत.