सातवा रकाना

म्वोंगेलीला तीन दिवसांचं काम मिळालं.
मोंबासा रोडच्या कडेला, प्लास्टिकच्या खुर्चीत,
सहा ते सहा, येणारं-जाणारं मोजायचं.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
ट्रेलर, ट्रक, बस, मटाटू, मोटार, मोटारसायकल.
सहा रकाने. मग कागद संपतो.

वान्योन्यी साहेब नैरोबीहून आले होते.
म्हणाले, जिथे रेघा जास्त तिथे रस्ता रुंद होईल.
जिथे रेघाच नाहीत तिथे कशाला घालवायचं डांबर?
तिला विचारावंसं वाटलं,
पूल नसताना पुलावरून किती जातात ते कसं मोजायचं?
पण रोजचे आठशे शिलिंग होते,
आणि उन्हं तापायला लागली होती.

पलीकडे, उंच खांबांवरून, नवी रेल्वे जाते.
डब्यावर डबा रचलेली मालगाडी
बंदरात श्वास घेते, राजधानीत सोडते.
इथे उतरते ती फक्त खांबांची सावली.
शेळ्यांनी ती आपापसात वाटून घेतलीय.

जुनी रेल्वेही अशीच होती, तिचे आजोबा सांगायचे.
जे निघेल ते काढायचं, समुद्राकडे न्यायचं.
शाळेतला नकाशा झाडासारखा दिसायचा:
प्रत्येक फांदी बुंध्याला भेटलेली,
फांदीला फांदी नाही.

आता हे बघा.
क्यालेनीच्या उतारावर टोमॅटो होतो.
इटूनी समोरच. मोठ्यानं हाक मारली तर तिथली कुत्री भुंकतात.
मध्ये नदी, बाराही महिने बहुतेक वाळूच.
पण टोमॅटोला इटूनीला जायचं तर
आधी मोटारसायकलवर खाली हायवेला,
हायवेवरून ट्रकनं चार तास नैरोबी,
तिथे एक रात्र, तीन दलाल,
आणि मग त्याच हायवेनं परत,
इटूनीच्या फाट्यावर,
मऊ पडलेला, तिप्पट भावाचा.
आपल्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात.
क्यालेनीत बाजार म्हणतात.

नदीची वाळूसुद्धा निघते नैरोबीला,
कुणाकुणाचे मजले चढवायला.
तिला रकाना आहे: ट्रक.

तिसऱ्या दिवशी दुपारी
स्योकाऊ मावशी हायवे ओलांडून आली.
डोक्यावर क्रेट, पोटऱ्यांपर्यंत वाळू,
मागे आणखी दोघी.
नदीतून आलीस?
मग काय उडून?
क्रेट न उतरवताच तिनं कागदात डोकावलं.
मी कुठे आहे यात?
मावशी, तुला चाकं नाहीत.
मावशी इतकी हसली की वरचे दोन टोमॅटो घरंगळले,
एक ट्रेलरखाली गेला.
तो ट्रेलर मोजायचा राहिला.

त्यानंतर म्वोंगेलीनं कागद उलटा केला.
मागची बाजू कोरी होती, रेघा तिच्या तिनं आखल्या.
पाण्याचे कॅन, कोळशाची पोती, दप्तरं,
पाठीवर मूल आणि हातात कोंबडी (ही एक की तीन?
तिनं एक धरली, मग खोडून दोन केली).
संध्याकाळपर्यंत दोनशे चौदा.

साहेबांनी गठ्ठा घेतला, अंगठ्यानं चाळला,
अंगठा थांबला.
हे काय?
पायी जाणारे.
ते वैतागले नाहीत. टोपणानं कपाळ खाजवलं.
म्हणाले, आमच्याकडे हिशेब असतो, पोरी.
ट्रक म्हणजे तीन मोटारी.
मोटारसायकल म्हणजे अर्धी.
यांना काय धरू?

खांबांवरून मालगाडी निघाली होती,
ती संपेपर्यंत दोघंही गप्प राहिले.

क्रेट वीस किलो, ती म्हणाली.
मावशी वेगळी.

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं.
कोऱ्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात,
काहीतरी बारीक लिहिलं.
तिला उलटं वाचता आलं नाही.